डिंडोलीतलं रावान

आमच्या घरात कुणी हळू आवाजात बोललेलं मला फारसं आठवत नाही. आप्पा, म्हणजे माझे वडील, यंत्रमागावर कामाला होते. मागांच्या त्या शेडला सुरतेत सगळे 'खातं' म्हणायचे. खात्यातल्या खडखडाटानं आप्पांचे कान अर्धे निकामी केले होते, त्यामुळे भाजीत मीठ कमी पडलंय एवढं सांगायचं झालं तरी ते शेजारच्या घरांना कळायचं. मायचा आवाजही मग तसाच झाला आणि माझाही. कॉलेजात पहिल्या वर्षी प्रॅक्टिकलच्या वेळी मी शेजारणीला "पिपेट दे" म्हटलं, तर अख्खी लॅब वळून बघायला लागली. डिंडोली तेव्हा अर्धं गाव होतं आणि अर्ध्या नव्या सोसायट्या. मागे ज्वारीची शेतं, पुढे कच्चा रस्ता आणि पलीकडून नंदुरबार-भुसावळकडे जाणारी रेल्वेलाइन. गाडी जायला लागली की माय परातीतलं पीठ तसंच ठेवून क्षणभर तिकडे बघायची. तिचं माहेर त्या लाइनीवर होतं.

घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, बसमध्ये गुजराती आणि शाळेच्या पुस्तकात मराठी, असं आमचं चालायचं. एका भाषेतून दुसरीत जाताना उंबरा ओलांडल्याइतकंही जाणवायचं नाही. सकाळी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊन निघायचं, दुपारी गेटवर मैत्रिणींबरोबर वाफवलेल्या हरभराडाळीचा गरम लोचो खायचा, संध्याकाळी पुन्हा घरची झणझणीत शेवभाजी. माझा मुलगा अशा जेवणाला आता काहीतरी इंग्रजी नाव देतो. आम्हाला त्याला नाव द्यावंसं कधी वाटलं नाही. श्रावणात आमच्या गल्लीत कानबाई बसायची. खानदेशातून आलेल्या घरांनी ही देवी आपल्याबरोबरच आणली होती. बायका तिच्यापुढे बसून गाणी म्हणत आणि ढोलकी माझ्या आत्याच्या मांडीवर असे. एका वर्षी आत्याचं मनगट धरलं, तिनं ढोलकी माझ्याकडे सरकवली आणि ती पुढे माझ्याकडेच राहिली. मला कुणी शिकवलं नाही. आत्या फक्त म्हणायची, "गानारीना तोंडकडे देख, हातकडे नको देखू." गाणारीच्या तोंडाकडे बघ, स्वतःच्या हाताकडे बघू नकोस.

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा सुरतेत प्लेग आला आणि शहर रिकामं झालं. त्यावर पुष्कळांनी लिहिलंय. आम्हीही तोंडाला रुमाल बांधून मिळेल त्या गाडीत शिरलो, मामाच्या गावी राहिलो आणि दिवाळीच्या सुमारास परतलो. गटारींच्या कडेनं पांढरी पावडर टाकलेली होती, ओळखीची दुकानं एकेक करून उघडत होती आणि रस्त्यात कुणीही भेटलं तरी आधी "केव्हा आलात?" असंच विचारत होतं. कॉलेजही असंच थोडं थोडं भरत गेलं. आमच्याकडे परदेशातून शिष्यवृत्तीवर आलेली काही मुलं होती. केनियाची, सुदानची, नेपाळची. ती परत येतील असं कुणाला वाटलं नव्हतं, पण तीही आली. वर्ग पुन्हा भरलेला दिसला की उगीचच हसू यायचं.

देसाई मॅडम आम्हाला केमिस्ट्री शिकवायच्या आणि सांस्कृतिक मंडळही त्याच बघायच्या. बुटक्या, ताठ, कायम सुती साडीत. एक दिवस त्यांनी फळ्यावरचं समीकरण अर्धवट सोडलं आणि आमच्याकडे वळल्या. "बधा भागी गया हता," त्या म्हणाल्या. सगळे पळाले होते. "हवे जे पाछा आव्या छे, ते वगाडशे." आता जे परत आलेत, ते वाजवतील. कॉलेजच्या मैदानावर देशोदेशीच्या संगीताची एक संध्याकाळ करायची असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. ज्याचं जे गाणं, जे वाद्य असेल, ते त्यानं आणायचं. नियम एकच, कॅसेट चालणार नाही. त्या काळात गॅदरिंगमधले निम्मे नाच कॅसेटवर व्हायचे. मध्येच टेप अडकायची आणि नाचणाऱ्या मुली हात वर करून तशाच उभ्या राहायच्या. मॅडमना त्याचा मनापासून तिटकारा होता.

या नियमानं सगळ्यात मोठी अडचण झाली ती देविकाची. देविका सखाराम माझ्याच वर्गात होती, मॉरिशसची. उंच, सावळी, केस कापलेले, आणि हसताना डोळे पूर्ण मिटायचे. तिकडे सेगा नावाचं नाचगाणं असतं. ते ती करणार होती आणि तिच्याकडे त्याची कॅसेट होती. आता कॅसेट गेली, म्हणजे ठेका धरणारं माणूस हवं. वाद्य तिच्याकडे होतं. तिच्या काकानं निघताना दिलेलं रावान हॉस्टेलच्या भिंतीवर खिळ्याला लटकत असे. परातीएवढं पसरट लाकडी कडं आणि त्याच्या एका बाजूला ताणून बसवलेलं बकरीचं कातडं. मांडीवर उभं धरायचं आणि दोन्ही हातांनी वाजवायचं. देविकाला गाता येत होतं, नाचता येत होतं, पण वाजवता येत नव्हतं. त्यांच्या घरी ते काका वाजवायचा.

मी तिची जर्नल परत द्यायला म्हणून जिमखान्याच्या खोलीत गेले तेव्हा तबला वाजवणारा जिग्नेश रावान मांडीवर घेऊन घामाघूम झाला होता. तो चांगला तबलजी होता. देविका गात होती, तो वाजवत होता, आणि दर वेळी ती मान हलवून थांबत होती. "नहीं जिग्नेश, दौड़ो मत. दुस्मा, दुस्मा." दुस्मा म्हणजे त्यांच्या क्रिओल बोलीत हळूहळू. जिग्नेश म्हणाला, "आ तो आपणो हींच ज छे," आणि त्याचं चुकत नव्हतं. सहा मात्रांचा हींच सुरतेत प्रत्येकाच्या अंगात असतो, नवरात्रभर तोच पायाखाली असतो. देविकाचा ठेकाही सहाचाच होता, पण तो सरळ चालत नव्हता. एक पाय ओढत, जरा मागे रेंगाळत, मग अचानक उडी मारून पुढे. मला तो कुठेतरी भेटल्यासारखा वाटला. कानबाईसमोर गाऊन गाऊन बायका दमल्या की त्यांची गाणी अशीच लंगडत चालायची, आणि आत्याची ढोलकी त्यांच्यासाठी थांबायची.

मी बाकावर बोटं कधी आपटायला लागले ते मला कळलं नाही. देविका गाता गाता माझ्याकडे वळली आणि गातच राहिली. मग जिग्नेशनं वैतागून, पण हसत, रावान माझ्यापुढे धरलं. "ले सिंधू, तू वगाड."

ते मांडीवर घेतल्यावर पहिल्यांदा जाणवलं ते त्याचं हलकेपण. ढोलकीला वजन असतं, ती मांडीला दाबून बसते. रावान जणू उडून जाईल असं वाटत होतं. मी तळहात टाकला आणि पोटात गुरगुरल्यासारखा आवाज झाला. कडेला बोटं मारली तर टिकल्या फुटल्यासारखा कोरडा आवाज आला. मी देविकाच्या तोंडाकडे बघत राहिले. ती श्वास घ्यायला जिथे थांबायची तिथे मी थांबले, ती जिथे शब्द ओढायची तिथे हात मागे ठेवला. गाणं संपेपर्यंत ती एकदाही थांबली नाही. संपल्यावर तिनं मला मिठी मारली आणि बाकावरची जर्नल खाली पडून तिची पानं सुटली. ती गोळा करताना आम्ही दोघी वेड्यासारख्या हसत होतो.

त्यानंतरचे दिवस आठवले की अजूनही अंगात काहीतरी सळसळतं. लेक्चर संपायची वाट बघायची आणि जिमखान्याकडे पळायचं. तिथे एका कोपऱ्यात केनियाचा ओतिएनो गिटारच्या तारा खेचत असायचा. तो असं वाजवायचा की दोन गिटारी आहेत असं वाटावं. नेपाळचा मुलगा मादल, त्यांचा दुतोंडी ढोल, कमरेला बांधत असे. सुदानचा इद्रिस गाताना डोळे मिटून टाळ्या वाजवायचा आणि त्याच्या टाळ्या नेमक्या आपल्याला वाटतं तिथे पडायच्या नाहीत. सुरुवातीला प्रत्येक जण आपापल्या कोपऱ्यात होता. मग ओतिएनो आमच्याजवळ सरकला आणि देविकाच्या गाण्यात त्याची गिटार बारीक पावसासारखी शिरली. जिग्नेश माझ्याशेजारी बसून मला हाताचा कोन सांगायचा. इद्रिसनं मला त्याच्या टाळ्या शिकवायचा प्रयत्न केला, त्या मला आजवर आल्या नाहीत. मॅडम दारात उभ्या राहून ऐकायच्या आणि निघून जायच्या, पण जाताना त्यांची मान हलत असायची. बसमध्ये घरी येताना मी समोरच्या सीटच्या दांड्यावर सराव करायचे. एकदा कंडक्टर म्हणाला, "बेन, टिकीट लेवानी छे के नाचवानुं छे?"

एका रविवारी मी रावान चादरीत गुंडाळून घरी आणलं. आप्पांची रात्रपाळी होती, ते दुपारी उठून खाटेवर चहा पीत बसले होते. मी चादर सोडली.

"हाई काय आनं?" त्यांनी विचारलं.

"वाद्य शे, आप्पा. कॉलेजमा माले वाजाडनं शे. स्टेजवर."

त्यांनी पेला खाली ठेवला. हात पुढे केला आणि तो कातड्यापर्यंत पोचायच्या आतच मागे घेतला. "हाऊ तं डफ शे," ते म्हणाले.

"ढोलकीलेबी कातडंच ऱ्हास," मी म्हटलं.

"ढोलकी येगळी. डफ आपलं काम नही. घरमा नको आनू आनि स्टेजवर तं नकोच. लोके काय म्हनतीन?"

मोठ्यानं बोलणाऱ्या माणसाचा आवाज तेव्हा एकदम खाली आला होता. आमच्या गावाकडे डफ वाजवणारी घरं वेगळी होती आणि त्यांची वस्ती नाल्याच्या पलीकडे होती. आमच्या लग्नात तेच वाजवायचे, आणि आमच्या मांडवात ते जेवायला बसायचे नाहीत. कुणाला हात लावायचा आणि कशाला नाही, हे मी लहानपणी भाजीचा भाव ऐकावा तसं ऐकलं होतं. त्यावर कधी विचार केला नव्हता. त्या दुपारी पहिल्यांदा केला, कारण माझं काहीतरी त्यात अडकलं होतं. आज वाटतं, स्वतःचं अडकल्याशिवाय माणूस फारसा विचार करतच नाही.

मी रडले, जेवले नाही. माय शांतपणे म्हणाली, "ती पोरगीले घर जेवाले बलाव. ज्यानी वस्तू शे त्याले घर देखाडानं ऱ्हास." जिची वस्तू आहे तिला घर दाखवलं पाहिजे, इतकंच तिचं म्हणणं होतं. त्यामागे तिचा काही विचार होता का, हे मी तिला पुढे अनेकदा विचारलं. ती दर वेळी म्हणायची की पोरगी परदेशात एकटी राहते, तिला घरचं जेवण मिळावं, बस.

देविका आली तेव्हा माय चुलीवर खापर पालथं घालून मांडे करत होती. पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर फिरवत फिरवत ती सुपाएवढी करायची आणि हलकेच खापरावर सोडायची. देविका चपला काढून थेट चुलीशी जाऊन उकिडवी बसली. तिच्या आजीची डाळ भरलेली पुरी अशीच असते, फक्त गोड नसते, असं ती सांगायला लागली. कधी हिंदीत, कधी हातवारे करून. मायनं तिला एक मांडा हातावर घेऊन बघायला दिला. तो फाटला. माय म्हणाली, "दुस्मा, दुस्मा," कारण तो शब्द तोवर माझ्याकडून ऐकून आमच्या घरात रुळला होता. देविका इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

आप्पा जेवायला बसले. आमच्याकडे पाहुण्याला विचारतात ते सगळं त्यांनी क्रमानं विचारायला सुरुवात केली.

"कोनता गावनी शे तू?"

मी हिंदीत सांगितलं. देविका म्हणाली, "वाकोआ."

"ते कोनता जिल्हामा?"

"आप्पा, ते मॉरिशसमा शे."

"बरं. आडनाव काय?"

"सखाराम," देविका म्हणाली.

"ते बापनं नाव व्हयनं. आडनाव?"

देविकाला प्रश्न कळला. तिला तो आधीही अनेकांनी विचारला असावा. "वही है, अंकल. सखाराम नाम का आदमी बोट से उतरा था. मेरे परदादा के भी दादा. गोरे साहब ने नाम पूछा, उन्होंने बता दिया. फिर वही हम सबका नाम हो गया. वो किस गाँव के थे, किसी को पता नहीं."

आप्पांनी घास तसाच हातात धरला. "जात?" त्यांनी विचारलं.

मला ते हिंदीत सांगावंसं वाटेना, पण तो शब्द सांगावा लागत नाही. देविका सहज म्हणाली, "वो भी पता नहीं. मराठी हैं, इतना पता है. गणपति बिठाते हैं. बाकी बोट पर छूट गया होगा."

आप्पांनी तो घास पुन्हा ताटात ठेवला. मग आप्पांनी विचारलं, "काय काम करे तो सखाराम?"

"गन्ना काटते थे."

"ऊस तोडे," आप्पा स्वतःशीच म्हणाले. त्यांनी मायला खूण केली आणि देविकाच्या ताटात आणखी एक मांडा पडला. जेवणानंतर मायनं देविकाला गायला सांगितलं. ते गाणं तिच्या काकानंच रचलेलं होतं. एका बाईची मच्छी चुलीवर करपते, कारण ती दारात उभी राहून होडी यायची वाट बघत असते, एवढंच त्यात होतं. देविकानं ते वाद्याशिवाय, टाळीवर म्हटलं. रावान चादरीत गुंडाळून कोपऱ्यात होतं आणि मी त्याच्याकडे बघत नव्हते. आप्पा पाळीला निघाले, डबा उचलला, दारात थांबले. "वाजाड स्टेजवर," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "पन घरमा नको. गल्लीमा कोनले सांगू नको. आनि मी काय येवाव नही."

मला तेवढं पुरेसं होतं.

ती संध्याकाळ थंडीतली होती. मैदानावर कापडी मांडव, पिवळे दिवे, आणि समोर इतकी माणसं की मॅडमनी वर्गातले बाक बाहेर काढायला लावले. प्लेगनंतर इतकी माणसं एका जागी जमलेली मी पहिल्यांदाच बघत होते. कुणाच्याही तोंडाला रुमाल नव्हता. लोक मुद्दाम चिकटून बसले होते असं मला वाटलं. नेपाळच्या मुलाचं मादल सुरू झालं आणि पुढच्या रांगेतली लहान पोरं उभी राहून नाचायला लागली. केरळच्या एका मुलीनं असं गाणं म्हटलं की नाचणारी पोरं खाली बसून ऐकायला लागली. पंजाबच्या मुलांनी ढोल काढला तेव्हा मांडवाचे बांबू हलले. इद्रिसनं लोकांना त्याच्या टाळ्या शिकवायला घेतल्या आणि शेकडो सुरती माणसं एकाच वेळी, एकाच ठिकाणी चुकली. स्वतः इद्रिसच हसून खाली बसला.

आमचा नंबर शेवटून दुसरा होता. स्टेजच्या पाठीमागे मी रावान मांडीवर घेतलं आणि हात टाकला. आवाजच नव्हता. दव पडायला लागलं होतं आणि कातडं ओल्या कापडासारखं सैल झालं होतं. देविका म्हणाली, "इसको आग चाहिए. घर पर काका हमेशा आग पर रखते हैं." मांडवात तर कापडच कापड. विद्यार्थ्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरांनी काड्यापेटी बघूनच हात जोडले. "आठे नही व्हवाव," इथे जमणार नाही, असं मी देविकाला घाईत अहिराणीतच सांगितलं आणि रावान छातीशी धरून गेटकडे पळाले. ती लाल झगा दोन्ही हातांनी वर धरून माझ्या मागे.

गेटबाहेर पोंकवाला असायचा. हिवाळ्यात सुरतेत ज्वारीची कोवळी कणसं निखाऱ्यात भाजून त्यांचे हिरवे दाणे झोडून काढतात, शेव आणि लिंबू घालून खातात, तो पोंक. त्याची भट्टी मस्त फुललेली होती. मी धापा टाकत म्हटलं, "काका, आ थोडुं शेकवुं छे." त्यानं वाद्याकडे बघितलं, लाल झग्यातल्या देविकाकडे बघितलं. "ढोल शेकवानो? ने पोंक?" असं म्हणून त्यानं एका बाजूची कणसं मागे सारली. मी रावान धगीवर धरलं, पण कातडं किती जवळ धरायचं ते कळत नव्हतं. देविकालाही माहीत नव्हतं.

"काय व्हयनं?"

आवाज इतका मोठा होता की पोंकवालाही दचकला. आप्पा रस्त्यापलीकडच्या झाडाखाली उभे होते. अंगात खात्यातलाच शर्ट, केसांत सुताचा कापूस. पाळी कुणाशी तरी बदलून ते आले होते आणि गेटच्या आत जावं की नाही याच विचारात बाहेर थांबले होते, हे मला नंतर कळलं.

"कातडं ढिलं पडनं, आप्पा. आवाज निंघत नही."

ते रस्ता ओलांडून आले. एकदा माझ्याकडे, एकदा देविकाकडे बघितलं. मग दोन्ही हात पुढे केले. "आन इकडे."

त्यांनी रावान घेतलं आणि निखाऱ्यांवर वरच्या वर, गोल गोल फिरवायला लागले. मध्येच थांबून कातड्याला गाल लावायचे, पुन्हा फिरवायचे. धगीनं त्यांचं कपाळ चमकत होतं. "यानापायी मार खायेल शे मी," ते म्हणाले. "धाकला व्हतू तवय नालानापार जाऊ. त्या वाजाडेत तठे बठू. माले वाजाडाले नही देत, पन शेकाले देत. एक दिन बानी देखं." लहान असताना ते नाल्यापलीकडे डफवाल्यांजवळ जाऊन बसायचे, ती माणसं त्यांना वाजवायला देत नसत पण कातडं शेकायला देत, आणि एक दिवस त्यांच्या बापानं ते बघितलं. पुढचं त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी एका बोटानं मध्यभागी टिचकी मारली. टणकन आवाज आला. देविका पाय आपटून नाचलीच. "जाय," आप्पा म्हणाले. "गरम शे तवलोंग वाजाड."

आम्ही धावत पोचलो तेव्हा मॅडम माइकवर आमचं नाव दुसऱ्यांदा घेत होत्या. मी मांडी घालून बसले, रावान उभं धरलं, तळहाताला अजून त्याची ऊब लागत होती. पहिला हात टाकला आणि तो आवाज स्पीकरमधून मैदानभर गेला. तसा खोल आवाज मी त्याच्याकडून कधी ऐकला नव्हता. देविका अनवाणी, पाय जमिनीवरून न उचलता सरकत पुढे आली. ओतिएनोची गिटार शिरली. मी देविकाच्या तोंडाकडे बघत होते, पण कडेनं मला लोकही दिसत होते. आधी ते ऐकत राहिले. मग मागून कुठून तरी टाळी सुरू झाली. सुरतेची टाळी, सहाची, हींचची. क्षणभर मला वाटलं आता सगळं मोडणार, लोक मला त्यांच्या लयीत ओढून नेणार. मी हात मागे ठेवला, आत्या ठेवायची तसा. टाळी सरळ चालत राहिली, माझा ठेका तिच्या खालून लंगडत राहिला, आणि पुढच्याच आवर्तनात दोन्ही एकमेकांत बसले. जिग्नेशला पाठीमागे राहवेना, तो मादल उचलून येऊन बसला. नंतर किती जण वर चढले ते सांगता येणार नाही. गाण्यातली मच्छी बहुधा दहादा करपली असेल. मॅडम खाली उभ्या होत्या आणि त्यांच्या केसांतली फुलं एका बाजूला घसरली होती.

आप्पा अगदी मागे, मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते. "आयकू ऊनं का, आप्पा?" ऐकू आलं का, असं मी नंतर विचारलं. ते म्हणाले, "कानमा नही. पायमा ऊनं."

घरी आम्ही तिघं रिक्षानं आलो, देविका मध्ये, रावान तिच्या मांडीवर. वाटेतल्या उधन्यापर्यंत ती गात होती आणि रिक्षावाला आरशातून बघत होता. मायनं खिचडी आणि वांग्याचं भरीत करून ठेवलं होतं. आप्पांनी रावान स्वतः आत नेलं आणि धान्याच्या कोठीवर ठेवलं. मायनं ते बघितलं आणि ती ताटं वाढायला लागली. मी घास घ्यायला गेले तर बोटं मिटेनात. तळहात लालभडक सुजले होते, दोन बोटांची सालं गेली होती, आणि इतका वेळ मला त्याचा पत्ताच नव्हता. मी कॉलेजात जाणारी मोठी मुलगी, माय मला भरवायला लागली. देविकाला त्याची गंमत वाटून तीही तोंड उघडून पुढे सरकली, तर तिलाही एक घास मिळाला.

आप्पांनी माझा हात दिव्याकडे ओढून उलटासुलटा करून बघितला.

"रातले तेल लाय," ते म्हणाले. "दोन-तीन दिन दुखतीन. मंग हातले सवय व्हई जाई."